चार बाटल्या, आठ माणसं: दुर्मिळ रेड वाइनची घरगुती बैठक

एका बाटलीत ७५० मिली वाइन असते. आठ जणांत वाटली तर माणशी त्र्याण्णव-चौऱ्याण्णव मिली, आणि जुन्या बाटलीच्या तळाचा गाळ सोडला तर ऐंशी-पंच्याऐंशी. महागड्या वाइनच्या बैठकीचं सगळं नियोजन या एका भागाकारातून निघतं: किती जणांना बोलवायचं, किती बाटल्या उघडायच्या, ग्लास किती लागतील, रात्री घरी कसं जायचं. नवखी मंडळी नेमकं उलटं करतात. बारा-पंधरा जण जमतात, प्रत्येक जण एकेक बाटली घेऊन येतो, आणि रात्री अकराला सातव्या बाटलीपाशी आपण काय पितोय याचा कोणालाच पत्ता नसतो. त्या बाटलीचे पैसे मात्र पहिलीइतकेच गेलेले असतात.

तेव्हा पहिल्या बैठकीला आठ माणसं आणि चार बाटल्या. कमी चालतील, जास्त नकोत.

आधी विषय ठरवा

"ज्याला जी आवडते ती आणा" असं सांगितलं की टेबलावर फ्रान्सची बोर्दो आणि बरगंडी, कॅलिफोर्नियातली नापा आणि ऑस्ट्रेलियन शिराझ एका रांगेत येतात. चारही उत्तम असतील, पण एकीवरून दुसरीबद्दल काही कळत नाही. त्यापेक्षा एकच प्रदेश घ्या. बोर्दो घेतलंत तर नदीच्या डाव्या काठची कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षावर बेतलेली वाइन आणि उजव्या काठची मर्लोवर बेतलेली, अशी तुलना करता येते. पण बोर्दोत १८५५ साली ठरलेल्या वाइनच्या प्रतवारीतली मोठी नावं आता फारच महाग झाली आहेत, आणि बरगंडीत तर नावाजलेल्या उत्पादकाची एखादी बाटली मिळवायलाही ओळखीपाळखी लागतात.

नवख्या गटाला मी बारोलो सुचवतो. इटलीच्या वायव्येला, पिएमाँत प्रांतातल्या ११ गावांत ही वाइन होते, आणि ती फक्त नेब्बिओलो या एकाच द्राक्षाची असते. त्यामुळे दोन ग्लासांतला फरक द्राक्षाचा नाही, तो जमिनीचा, द्राक्षं पिकली त्या सालाचा किंवा करणाऱ्याच्या हाताचा, हे आधीच ठरलेलं असतं. २०१० साली या प्रदेशातल्या मळ्यांच्या सीमा अधिकृतपणे आखल्या गेल्या: १७० मळे आणि ११ गावं, मिळून १८१ नावं. सगळी लक्षात ठेवायची गरज नाही. ला मोर्रा गावची वाइन साधारण मऊ आणि सुगंधी, सेर्रालुंगा दाल्बाची ताठ आणि उशिरा खुलणारी, एवढं पहिल्या रात्रीला पुरे.

चार बाटल्यांच्या दोन जोड्या करा. पहिली जोडी जुनी: १९९६ किंवा २००१ सालच्या दोन वेगळ्या उत्पादकांच्या. दुसरी तरुण: २०१६ सालच्या, एक ला मोर्राची आणि एक सेर्रालुंगाची. ही तिन्ही सालं बारोलोत नावाजलेली आहेत. एका वेळी दोनच ग्लास समोर असले की जीभ गोंधळत नाही. शिवाय सोळा ग्लासांत काम भागतं, बत्तीस गोळा करावे लागत नाहीत.

उत्पादकांत पारंपरिक पद्धतीने करणारी दोन नावं माहीत असलेली बरी. जाकोमो कोंतेर्नो हे घराणं 'मोनफोर्तिनो' नावाची बारोलो करतं. ती त्यांनी १९७४ साली घेतलेल्या सेर्रालुंगातल्या फ्रांचा मळ्याशी जोडली गेली आहे, अनेक वर्षं मोठ्या लाकडी पिंपांत मुरते आणि एका बाटलीला हजार युरोच्या पुढे जाते. दुसरे बार्तोलो मास्कारेल्लो. हे चार वेगवेगळ्या मळ्यांची द्राक्षं एकत्र करून एकच बारोलो करत, 'बॅरीक' म्हणजे छोट्या नव्या फ्रेंच पिंपांना त्यांचा कडवा विरोध होता, आणि लेबलं स्वतःच्या हाताने रंगवत. त्यातलं, इटालियन राजकारणी बर्लुस्कोनींवरचं 'नो बॅरीक, नो बर्लुस्कोनी' हे लेबल जगभर गाजलं. वाइनच्या बाटलीवर राजकीय भांडण काढणारा माणूस मला आवडतोच, पण वाइनही तशीच आहे, कोणाचं न ऐकणारी. चारांपैकी एक बाटली या तोलाची असली की झालं. बाकीच्या तीन चांगल्या पण आवाक्यातल्या असाव्यात.

पैशांचं बोलणं बाटली उघडण्याआधी

हा भाग संकोचाचा आहे म्हणून तो टाळला जातो, आणि मैत्री बिघडते ती इथेच. दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सरळ काँट्री: चारही बाटल्यांची किंमत, जेवणाचा खर्च, भागिले आठ. यजमान जेवण करतो म्हणून त्याचा वाटा थोडा कमी धरतात, ते रास्त आहे. दुसरा मार्ग भिशीचा. दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम टाकायची आणि तीन-चार महिन्यांनी साठलेल्या पैशातून एक बैठक करायची. महागड्या वाइनला भिशी फार सोयीची, कारण एकदम मोठा आकडा कोणाच्याच डोळ्यांवर येत नाही आणि बाटल्या शोधायला वेळही मिळतो.

अडचण येते ती कोणी घरातली जुनी बाटली काढली की. दहा वर्षांपूर्वी स्वस्तात घेतलेली, आज तिची किंमत चौपट. कुठली किंमत धरायची? माझं मत, आजच्या बाजारभावाने धरावी, कारण ती बाटली पुन्हा घ्यायची तर तेवढेच पैसे पडणार. वाइन-सर्चर या संकेतस्थळावर सरासरी भाव बघता येतो. बाटली देणारा "राहू दे रे" म्हणाला तर तो त्याचा मोठेपणा. गटाने तो गृहीत धरू नये.

आणि आणखी एक गोष्ट आधीच बोलून घ्या: बाटली खराब निघाली तर तोटा सगळ्यांचा. आणणाऱ्याचा नाही.

बाटली कुठून आणायची, कशी सांभाळायची

परदेशातून येणारा प्रवासी भारतात २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणू शकतो. ७५० मिलीच्या हिशेबाने दोनच बाटल्या, तिसरी बसत नाही. म्हणजे चार बाटल्यांसाठी दोन येणारे नातेवाईक लागतात आणि त्यांना महिनाभर आधी सांगावं लागतं. मिलान किंवा लंडनमधल्या चांगल्या दुकानातून पावतीसह घ्या. जुन्या बाटलीचा आधीचा प्रवास कुठून कुठे झाला हे दुकानदाराला विचारायला लाजू नका. रुडी कुर्नियावान नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरी स्वस्त वाइन मिसळून जुन्या बरगंडीच्या आणि बोर्दोच्या नकली बाटल्या भरल्या आणि वर्षानुवर्षं श्रीमंत शौकिनांना विकल्या. २०१३ साली तो दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या काही बाटल्यांवर अशा मळ्याचं आणि सालाचं नाव होतं, जे त्या उत्पादकाने त्या काळी बाटलीत भरलंच नव्हतं. इंटरनेटवर फारच स्वस्तात १९९६ ची मोठ्या नावाची बाटली दिसली तर हे आठवावं.

घेताना बाटलीतली पातळी बघा. वीस-पंचवीस वर्षांच्या बाटलीत वाइन मानेपर्यंत असावी. खांद्याच्या खाली उतरली असेल तर बुचातून हवा गेली आहे. बूच वर आलेलं किंवा लेबलावर ओघळ असतील तर ती कधीतरी तापली आहे.

आपल्याकडे खरी शत्रू उष्णताच. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बंद कपाटातही तीस अंशांच्या पुढे जातं, नागपूरचं तर बोलायलाच नको. किचन ओट्याखालचं कपाट आणि फ्रिजच्या वरची जागा या दोन्ही जागा वाईट. वाइनचा वेगळा फ्रिज असेल तर १२ ते १४ अंशांवर आडवी ठेवा. नसेल तर काही आठवड्यांपुरता घरचा साधा फ्रिज चालतो. थंडीने तिचं काही बिघडत नाही. विमानातून आलेली बाटली निदान दोन आठवडे स्वस्थ पडू द्या, गाळ हललेला असतो.

परवान्याचंही बघून ठेवा. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तो एक वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे.

तारीख

डिसेंबर-जानेवारी सर्वांत उत्तम. पुण्या-नाशकात रात्री खोलीच मुळी वाइनला हव्या त्या तापमानाला येते. श्रावण, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार आणि ड्राय डे आधी कॅलेंडरवर बघून घ्या. आठातले तीन जण ऐनवेळी "आज माझा उपवास" म्हणाले तर हिशेब कोलमडतो. आणि ही बैठक गटारीला ठेवू नये. त्या रात्रीचा मूड वेगळा, तिथे नेब्बिओलोचं काय काम!

जेवण: तिखट बाजूला ठेवा

इथे मराठी यजमानाचा जीव तुटतो. पाहुणे येणार आणि तांबडा रस्सा नाही? पण मिरचीच्या तिखटाने रेड वाइनमधला तुरटपणा आणि अल्कोहोलची आग दोन्ही वाढतात, आणि वाइनमधला सुगंध बिचारा मागे पडतो. हजारो रुपयांचा घोट आणि जिभेवर फक्त जाळ. व्हिनेगर घातलेलं सॅलड, कच्चा कांदा, लिंबू पिळलेली कोशिंबीर याही नकोत.

सुदैवाने आपल्याच घरात याचं उत्तर आहे: आळणी मटण. हळद, मीठ, आलं-लसूण लावून मंद आचेवर शिजवलेलं, मिरची-मसाला पडण्याआधीचं. त्यातच तुपात परतलेला भरपूर कांदा आणि थोडी मिरी घालून दोन-अडीच तास शिजू द्या. नेब्बिओलोतला तुरटपणा देणारं टॅनिन मांसातल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तरुण बारोलो मटणाबरोबर एकदम मवाळ वाटायला लागते. जुन्या जोडीबरोबर अळंबी: लोण्यात परतलेल्या, मीठ-मिरी एवढंच, सोबत साधा भात किंवा रिसोत्तो. शाकाहाऱ्यांना दुसऱ्या जोडीलाही अळंबीच वाढा आणि जोडीला पार्मेजानोसारखं मुरलेलं कडक चीज. निळ्या बुरशीचं चीज नको, त्याने लाल वाइन कडू लागते. श्रीखंड आणि शिरा कॉफीबरोबर, सगळ्या बाटल्या संपल्यावर.

स्वयंपाक दुपारीच उरकून घ्या. पाहुणे आल्यावर घरात हिंगाची फोडणी पडली की पुढचा अर्धा तास सगळ्या वाइन्सना हिंगाचा वास. उदबत्ती, धूप, अत्तर, खोलीतला सुगंधी फवारा हेही बंद. मोगऱ्याचा गजरा माळून येणाऱ्या वहिनींना आदल्या दिवशीच सांगा, दारात सांगणं बरं दिसत नाही.

ग्लास

मोठ्या पोटाचे, वर निमुळते, पातळ काचेचे. माणशी दोन. नसतील तर केटररकडून भाड्याने मिळतात, पण ते आदल्या दिवशी आणा आणि नुसत्या गरम पाण्याने धुवा, साबणाचा वास काचेला धरून राहतो. घरच्या कपाटातल्या ग्लासांना लाकडाचा किंवा डांबराच्या गोळ्यांचा वास येतो का हे रिकाम्या ग्लासात नाक घालून बघा. पहिली जोडी संपल्यावर ग्लास धुवायची गरज नाही. पुढच्या वाइनचा चमचाभर घेऊन फिरवायचा आणि ओतून टाकायचा.

त्या दिवसाचं वेळापत्रक

आठ वाजता बसायचं असं धरू.

जुन्या बाटल्या चार-पाच दिवस आधी उभ्या करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. उचलताना हलवायच्या नाहीत.

दुपारी चारला तरुण जोडी उघडा आणि डिकँटरमध्ये ओता. २०१६ ची बारोलो बाटलीतून थेट दिली तर ती तोंड मिटून बसते. तिला तीन-चार तास मोकळी हवा लागते. डिकँटर नसेल तर काचेचा स्वच्छ जग चालतो. तो एसीच्या खोलीत ठेवा, किचनमध्ये नाही.

साडेसहाला जुन्या बाटल्या. इथे घाई चालत नाही. वरचं आवरण ओठाच्या खाली कापा, बुचावरची काळी बुरशी ओल्या फडक्याने पुसा. ती बाहेरची असते, घाबरू नका. पंचवीस वर्षांचं बूच साध्या स्क्रूने उघडायला गेलात तर अर्ध्यात तुटतं. त्यासाठी 'अह-सो' नावाचं दोन पातळ पात्यांचं उपकरण मिळतं. पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी डुलवत आत सरकवायची आणि फिरवत फिरवत वर ओढायची. तरीही चुरा आत पडलाच तर स्टीलच्या नव्या गाळणीतून गाळा. रोजची चहाची गाळणी नको, तिच्या जाळीत वर्षानुवर्षांचा चहा मसाला बसलेला असतो.

उघडल्यावर चमचाभर चाखा. खुललेली, सुगंधी लागली तर बाटलीतच राहू द्या. बंद आणि रुसलेली वाटली तरच डिकँट करा. बरगंडी असती तर मी डिकँटरच्या वाटेलाही गेलो नसतो. तिथल्या पिनो न्वार द्राक्षाची जुनी वाइन हवेत अर्ध्या तासात हातची जाते. जुनी बारोलो त्या मानाने चिवट. ओतताना बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च लावा आणि एकाच संथ धारेत ओता. मानेत गढूळ रेघ दिसली की थांबा. उरलेलं गाळाचं पाणी कोणालाही देऊ नका, "मी पितो, वाया कशाला" म्हणणाऱ्या मित्रालाही नाही.

सातच्या सुमारास सगळं थोडं गार करा. खोली २६ अंशांवर असेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते. ग्लासात पडताना १६ अंश असावं, हातात दोनेक अंश वाढतंच. 'रेड वाइन रूम टेंपरेचरला' हा नियम युरोपातल्या जुन्या थंड घरांचा आहे, आपल्या हॉलचा नाही.

खराब बाटली कशी ओळखायची

ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात कुबट झालेल्या गोणपाटाचा वास आला तर ती 'कॉर्क्ड'. बुचातून येणाऱ्या टीसीए नावाच्या रसायनाने हे होतं. हवा लागून तो वास जात नाही, उलट वाढतो. तपकिरी पडलेला रंग, चपटी चव आणि जुन्या शेरीसारखा वास म्हणजे हवा लागून गेलेली. शिजलेल्या मनुकांचा आणि जॅमचा वास म्हणजे तापलेली. मात्र जुन्या बारोलोची कड विटकरी-नारिंगी असते, आणि रंग इतका फिका की पलीकडचं दिसतं. तो दोष नाही, नेब्बिओलोचा स्वभाव आहे. नवखे याच रंगाला फसून चांगली बाटली नाकारतात.

म्हणून एक राखीव बाटली ठेवाच. ती दुर्मिळ असायची गरज नाही. अकलूजच्या फ्रातेल्लीची 'सेत्ते' मला या कामाला पसंत आहे: सांजोव्हेझे आणि कॅबर्नेची, म्हणजे इटलीशी नातं सांगणारी, आणि ऐनवेळी गावातच मिळणारी.

बैठक

सुरुवातीला नाशिकची एखादी ब्रूट, म्हणजे गोडी नसलेली फेसाळ वाइन, सुलाची किंवा शांदोंची, आणि खारे काजू. उभ्याने गप्पा, वीस मिनिटं. मग बसायचं.

जुनी जोडी आधी. बरेच यजमान मोठी जुनी बाटली शेवटाला राखतात, पण तरुण नेब्बिओलोच्या टॅनिनने हिरड्या सुकल्यावर १९९६ ची नाजूक वाइन पाणचट वाटते. वडीलधाऱ्यांचा मान आधी, हा आपला नियम इथेही बरोबर ठरतो.

प्रत्येक बाटली दोनदा ओता. पहिल्यांदा ४५ मिली, घरातल्या पेगच्या मापाने मोजून. डोळ्याच्या अंदाजाने सातव्या-आठव्या माणसाला नेहमी कमी पडते. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून वर क्रमांक टाका. पहिली पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. आधी वास, मग घोट, मग कागदावर दोन ओळी. गटात एक जाणकार असतोच, आणि तो आधी बोलला की बाकी सातांना तेच वास यायला लागतात. जाणकाराने शेवटी बोलायचं.

शब्द स्वतःचे वापरा. बारोलोबद्दल जगभर गुलाब आणि डांबर म्हणतात. तुम्हाला गुलकंद, ज्येष्ठमध, तंबाखू, ओली माती, कोकम असं काही आठवलं तर ते लिहा. व्हायोलेटची फुलं आपल्यापैकी किती जणांनी हुंगली आहेत?

मग बाटल्यांवरचे कागद काढा, नावं सांगा, जेवण वाढा आणि उरलेली वाइन ओता. आता ती ओळख पटलेली असते आणि तासाभराच्या हवेने बदललेलीही असते. काही वेळा पहिल्या फेरीत हरलेली बाटली दुसऱ्या फेरीत सगळ्यांची आवडती होते. दुसरी जोडीही याच क्रमाने, मटणाबरोबर.

प्रत्येकाजवळ एक अपारदर्शक कप ठेवा, थुंकण्यासाठी. 'येथे थुंकू नये' वाचत वाढलेल्या माणसांना हे जड जातं, पण पहिल्या फेरीत निम्मं तरी थुंकलं तर चौथी बाटली शुद्धीत चाखता येते. सगळं प्यायलात तर फक्त लाल वाइनच साडेतीनशे मिली होते, ती १४ टक्क्यांची, वर ब्रूट वेगळी. पाण्याचे जग भरलेले ठेवा आणि सगळ्यांनी रिक्षा किंवा कॅबनेच जायचं, हे आमंत्रणातच लिहा.

दुसऱ्या दिवशी

ग्लास रात्री धुवायचे नाहीत. चार प्यालेल्या हातांत पातळ काच टिकत नाही. नुसतं पाणी भरून ठेवा, सकाळी धुवा.

वाइन उरलीच तर छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा. तरुण बारोलो दुसऱ्या रात्री बहुधा आदल्या दिवसापेक्षा छान लागते, जुनी मात्र संपवूनच टाकलेली बरी.

रिकाम्या बाटल्या रद्दीवाल्याकडे देण्याआधी लेबलावर मार्करने आडवी रेघ मारा आणि बूच फेकून द्या. मोठ्या नावाच्या रिकाम्या बाटल्यांना नकली माल भरणाऱ्यांकडून मागणी असते. लेबल आठवणीसाठी हवं असेल तर बाटली गरम पाण्यात भिजवा. पण जुन्या इटालियन बाटल्यांचा गोंद फार चिकट असतो, फोटो काढून ठेवणंच सोपं.